क्रीडांगणाचा तपासनीस

नागपंचमीला झाडाच्या फांदीला झोका बांधला, म्हणजे घरांतील एखादा वडीलधारा मनुष्य प्रथम स्वतः दोराला लोंबकळून पाहतो. फांदी करकरते कीं काय तें तो कान देऊन ऐकतो, दोराची गांठ चांचपतो, खालीं एखादा धोंडा वर आलेला असला तर उचलून बाजूस टाकतो, आणि मगच पोरीबाळींना झोक्यावर बसूं देतो. ह्या कामाबद्दल त्याला कोणी पगार देत नाहीं. कामाला कांहीं नांवही नाहीं. तथापि युरोप-अमेरिकेंत आज ज्या कामासाठीं परीक्षा घेतात, प्रमाणपत्र देतात आणि नियमांचीं पुस्तकें छापतात, त्या क्रीडांगण-तपासनिसाच्या कामाचें बीज एवढेंच आहे. मूल खेळूं लागण्यापूर्वीं मोठ्या माणसानें आपला भार टाकून पाहावा, हें तें बीज होय. शहरांतील क्रीडांगणांच्या इतिहासांत ह्या साध्या गोष्टीचा मध्यंतरीं विसर कसा पडला, त्या विसराची किंमत कोणी दिली, आणि पुढें तिचें शास्त्र कसें झालें, ही हकीकत श्रोत्यांनीं लक्षांत घेण्यासारखी आहे.

अमेरिकेंतील सार्वजनिक क्रीडांगणांचा आरंभ वाळूच्या ढिगापासून झाला असें म्हणतात. बर्लिन शहराच्या बागांतून मुलांना खेळावयास वाळूचे ढीग टाकून ठेवीत असत. ते डॉ. मेरी झाक्शेव्स्का ह्या बाईंच्या पाहण्यांत आले. ह्या बाई मूळच्या बर्लिनच्या. पुढें अमेरिकेंत जाऊन त्यांनीं बोस्टन येथें स्त्रिया व मुलें यांच्यासाठीं रुग्णालय स्थापिलें होतें. बर्लिनला गेल्या असतां त्यांनीं बोस्टनच्या मंडळींना पत्रानें ही कल्पना कळविली, आणि १८८५ सालीं तेथील एका आरोग्य-मंडळानें पार्मेंटर स्ट्रीटवरील एका प्रार्थनामंदिराच्या आवारांत वाळूचा ढीग ओतला. आसपासच्या गरीब वस्तींतील मुलें लांकडी फावडीं घेऊन तेथें खेळूं लागलीं. पुढें अशा जागा वाढल्या, आणि त्यांवर देखरेखीसाठीं पगारी स्त्रियाही नेमल्या गेल्या. ह्या पहिल्या क्रीडांगणांत दोन गोष्टी आपोआप साधल्या होत्या. पडण्यासारखें उंच असें तेथें कांहीं नव्हतें, आणि मूल पडलेंच तर खालीं वाळू होती.

हा योग फार दिवस टिकला नाहीं. कारखान्यांच्या शहरांतून वस्ती दाटली, मुलांना रस्त्यावांचून खेळावयास जागा उरली नाहीं, आणि रस्त्यांत तर गाड्यांची गर्दी. तेव्हां मुलांना तेथून उचलून निर्भय जागीं आणावें, असा विचार पुढें आला. न्यूयॉर्कमध्यें सीवर्ड पार्क येथें १९०३ सालीं नगरपालिकेनें कायमचें व साधनांनीं सुसज्ज असें क्रीडांगण उघडलें. १९०६ सालीं ‘अमेरिकेची क्रीडांगण-संस्था’ निघाली. ल्यूथर गुलिक, जेन ॲडम्स यांच्यासारखीं माणसें तिच्या मुळाशीं होतीं, आणि राष्ट्राध्यक्ष थिओडोर रूझवेल्ट यांनीं तिचें सन्माननीय अध्यक्षपद पत्करलें. वाळूच्या ढिगाशेजारीं आतां लोखंडी नळ्यांच्या शिड्या, उंच झोपाळे आणि घसरगुंड्या उभ्या राहिल्या.

साधनें शोधून काढणारे लोकही मोठे कल्पक होते. सेबॅस्टियन हिंटन ह्या शिकागोकडील वकिलाला १९२३ सालीं चढण्याच्या एका सांगाड्याचें पेटंट मिळालें. ‘जंगल जिम’ ह्या नांवानें तो सांगाडा जगभर गेला. हिंटनचा बाप चार्ल्स हॉवर्ड हिंटन हा गणिती होता. जपानांत असतांना, मुलांना अवकाशाच्या मितींची कल्पना यावी म्हणून त्यानें बांबूंचा असाच सांगाडा उभारला होता. मुलांच्या लक्षांत मिति राहिल्या नाहींत, चढण्याची मौज मात्र राहिली. आणि लेकानें मोठेपणीं ती लोखंडांत उतरविली. इकडे इंग्लंडांत केटरिंग येथें चार्ल्स विक्स्टीड ह्या कारखानदारानें १९२१ सालीं एक मोठें उद्यान लोकांना खुलें करून दिलें, आणि त्याच्या कारखान्यांत तयार झालेलीं खेळाचीं साधनें गांवोगांव गेलीं.

ह्या मंडळींच्या मनांत मुलांविषयीं कळकळच होती. मात्र सर्वांचें लक्ष साधनांकडे गेलें, जमिनीकडे फारसें कोणाचें गेलें नाहीं. झाडावयास सोपी, पावसांत चिखल होत नाहीं, म्हणून कित्येक ठिकाणीं खेळाच्या जागेवर डांबर किंवा काँक्रीट घालण्याची चाल पडली. आठ-दहा फूट उंचीवरून मूल जेथें पडावयाचें, ती जमीन रस्त्याइतकीच कठीण झाली. मुलाला रस्त्यावरून उचलून आणलें खरें, पण रस्ताही त्याच्या मागोमाग आंत आला.

ह्या ठराविक लोखंडी क्रीडांगणांहून अगदीं निराळा प्रयोग डेन्मार्कमध्यें झाला. बागांचे रचनाकार कार्ल थिओडोर सोरेन्सन यांच्या लक्षांत आलें होतें कीं, आंखून दिलेल्या जागेपेक्षां बांधकामावर पडलेल्या फळ्या, विटा व मोडकें सामान हेंच मुलांना अधिक प्रिय असतें. देश जर्मन सैन्याच्या ताब्यांत असतांना, १९४३ सालीं, कोपनहेगनच्या एम्ड्रुप भागांत त्यांच्या कल्पनेचें ‘भंगाराचें क्रीडांगण’ सुरू झालें. तेथें मुलें हातोडा-करवत घेऊन स्वतः घरें बांधीत आणि स्वतःच मोडीत. परंतु एक मोठा मनुष्य तेथें नेमलेला असे. जॉन बर्टेल्सन हा तेथील पहिला खेळ-नायक. इंग्लंडच्या लेडी ॲलन ऑफ हर्टवुड यांनीं १९४६ सालीं हें क्रीडांगण पाहिलें, आणि बाँबहल्ल्यांनीं उजाड झालेल्या लंडनच्या जागांवर अशीं मैदानें निघावींत म्हणून लेखणी उचलली. मुलाच्या अंगाला इजा झाली तरी ती भरून येते, पण त्याची उमेद एकदां खचली कीं ती सहसा परत येत नाहीं, असा त्यांच्या म्हणण्याचा आशय होता. हें मत येथें ध्यानांत ठेवावयास हवें. कारण तपासनिसाचें काम पुढें जेव्हां वादांत सांपडलें, तेव्हां ह्याच मताची आठवण लोकांना झाली.

तपासणीला शास्त्राचें व अधिकाराचें रूप आलें तें १९७० नंतर. १९७२ सालीं अमेरिकेंत ग्राहकोपयोगी वस्तूंच्या सुरक्षिततेचा कायदा होऊन एक आयोग निर्माण झाला. १९७४ सालीं, क्रीडांगणांतील साधनांना सक्तीचे नियम लावावेत, अशी मागणी करणारे नागरिकांचे अर्ज ह्या आयोगाकडे आले. क्लीव्हलंडकडील थिओडोरा ब्रिग्ज स्वीनी ह्या बाईंनीं हा प्रश्न चिकाटीनें लावून धरला. साधनें उंच आणि जमीन कठीण, हें त्या परोपरीनें सांगत होत्या. पण अशा गोष्टी सांगून जितक्या पटतात, त्याहून घडून अधिक पटतात, हें मनुष्यजातीचें दुर्दैव आहे.

शिकागोंतील एका सार्वजनिक बागेंत १९७८ सालीं तसेंच घडलें. बारा फूट उंचीची, पिळाच्या वळणाची एक घसरगुंडी तेथें होती. एक अगदीं लहान मुलगा तिच्या पायऱ्या चढून वर गेला. त्याची आई त्याच्या मागें थोड्याच पावलांवर होती. कठडा आणि पायऱ्या यांच्यामधील फटींतून तो निसटला, आणि खालच्या डांबरी जमिनीवर डोक्यावर आपटला. कवटीला तडा गेला, मेंदूला कायमची इजा झाली, शरीराची डावी बाजू लुळी पडली, वाचा व दृष्टि यांवरही परिणाम झाला. आईवडिलांनीं फिर्याद केली, आणि १९८५ सालच्या जानेवारींत तडजोड होऊन त्या मुलाला निदान ९५ लाख डॉलर भरपाई देण्याचें ठरलें. त्या मुलाचें गेलेलें बालपण अर्थातच कोणत्याही रकमेंत बसणारें नव्हतें.

ह्या घटनेचा नीट विचार केला असतां असें दिसतें कीं, त्या दिवशीं दोन चुका एके ठिकाणीं भेटल्या होत्या. वर फट होती आणि खालीं डांबर होतें. घसरगुंडीची उंची मुलाला दिसत होती. ती पाहूनच तो हौसेनें चढला. फटीचें माप आणि जमिनीचा कठीणपणा ह्या गोष्टी मात्र त्याला समजण्यासारख्या नव्हत्या. त्या समजून घेण्याचें काम मोठ्या माणसांचें होतें.

आयोगानें अखेर सक्तीचा नियम केला नाहीं. पण १९८१ सालीं सार्वजनिक क्रीडांगणांच्या सुरक्षिततेसंबंधीं मार्गदर्शनाचीं दोन पुस्तकें प्रसिद्ध केलीं, आणि पुढें त्यांत वेळोवेळीं सुधारणा झाल्या. ब्रिटनमध्यें १९७९ पासून आणि सर्व युरोपसाठीं १९९८ सालीं अशींच प्रमाणें ठरलीं. प्रमाणें ठरलीं, म्हणजे तीं मैदानावर उतरलीं आहेत कीं नाहींत हें पाहणारा मनुष्य हवा. त्या गरजेंतून प्रमाणपत्रधारी तपासनीस हा नवा व्यवसाय उभा राहिला. अमेरिकेंत ह्यासाठीं परीक्षा द्यावी लागते, आणि एकदां मिळालेलें प्रमाणपत्र तीनच वर्षें चालतें.

ह्या तपासनिसाचें सर्वांत मोठें शास्त्र जमिनीचें आहे, आणि तें शास्त्र मोटारींच्या अपघातांतून आलें. डेट्रॉइट येथील वेन स्टेट विद्यापीठांत, मनुष्याची कवटी किती आघात सोसूं शकते याविषयीं जें संशोधन झालें, त्याच्या आधारें १९७० नंतर ‘मस्तकाघाताचा निर्देशांक’ ठरविण्यांत आला. हेंच माप क्रीडांगणाला लावतात. सुमारें ४.६ किलो वजनाचें एक कृत्रिम डोकें, ज्याच्या आंत आघात मोजणारें यंत्र बसविलेलें असतें, तें साधनाच्या उंचीवरून जमिनीवर सोडतात. निर्देशांक १००० च्या वर जातां कामा नये, आणि अमेरिकन प्रमाणाप्रमाणें आघाताचा जोर गुरुत्वाकर्षणाच्या २०० पटींहून अधिक होतां कामा नये. ह्याचा अर्थ असा नव्हे कीं त्याखालीं मुलाचा हात मोडणारच नाहीं. जीवघेणी इजा टळावी, एवढाच ह्या मापाचा दावा आहे.

आयोगाच्या कोष्टकांत, दाबून बसलेल्या ९ इंच जाडीच्या लांकडी ढलप्या १० फुटांपर्यंतच्या पडण्याला पुरेशा मानल्या आहेत. तेवढ्याच जाडीची वाळू मात्र ४ फुटांपर्यंतच पुरते. गवत आणि नुसती माती यांना संरक्षणांत जमेसच धरीत नाहींत. कारण पायांनीं तुडवून आणि उन्हापावसानें त्यांचा मऊपणा नाहींसा होतो. डांबर व काँक्रीट यांचें तर नांवच घ्यावयास नको.

म्हणून चांगला तपासनीस मैदानांत शिरला म्हणजे प्रथम वर पाहण्याऐवजीं खालीं पाहतो. झोपाळ्याखालीं आणि घसरगुंडीच्या पायथ्याशीं मुलांचे पाय रोज घांसतात, ढलप्या उडतात आणि खळगा पडतो. जेथें थर जाड हवा, नेमका तेथेंच तो पातळ झालेला असतो. तपासनीस तेथें पट्टी खुपसून जाडी मोजतो. साधनाच्या चोहोंबाजूंस ६ फूट मऊ जमीन हवी, आणि झोपाळ्याच्या पुढें व मागें तर टांगणीच्या उंचीच्या दुप्पट. तेंही अंतर तो मोजून घेतो.

नंतर पिशवींतून तो दोन मापें काढतो. एक लहान मुलाच्या धडाच्या आकाराचा ठोकळा, आणि दुसरें डोक्यासाठीं ९ इंच व्यासाचें. मूल फटींत बहुधा पाय पुढें करून शिरतें. धड निघून जातें, डोकें अडकतें, आणि शरीर अधांतरीं लोंबत राहतें. म्हणून ३॥ इंचांहून मोठी आणि ९ इंचांहून लहान अशी बंदिस्त फट धोक्याची समजतात. लहान फटींत धड शिरत नाहीं, मोठींतून डोकेंही सुटतें. मधल्या मापाची तेवढी फांसासारखी असते. बोल्टाचें टोंक बाहेर आलें आहे काय, हें पाहावयाला त्याच्यापाशीं कड्यांचीं मापें असतात. घसरगुंडीच्या माथ्यावरील बारीक खांच, जिच्यांत मुलाच्या कपड्याची नाडी अडकूं शकते, तीही तो बारकाईनें पाहतो. नाड्या अडकून गळफांस बसल्याचे प्रकार घडल्यामुळें, मुलांच्या वरच्या कपड्यांना डोक्याशीं व गळ्याशीं नाड्या लावूं नयेत, अशी सूचना अमेरिकन आयोगानें १९९६ सालीं केली.

बाकीचें काम हाताचें व डोळ्यांचें आहे. सांखळीचा आंकडा झिजला किंवा उघडला आहे काय. लांकडी खांब जमिनींत शिरतो तेथें टोंचणी सहज आंत जाते काय. धातूची घसरगुंडी दुपारच्या उन्हांत हात ठेववणार नाहीं इतकी तापते काय. युरोपांत ह्या तपासणीच्या तीन पायऱ्या केल्या आहेत. फुटक्या कांचा, मोडतोड अशा डोळ्यांना दिसणाऱ्या गोष्टींसाठीं वरचेवर नजर टाकणें ही पहिली. एक ते तीन महिन्यांनीं झीज व मजबुती पाहणें ही दुसरी. आणि वर्षांतून एकदां पाया व एकंदर स्थिति यांची संपूर्ण परीक्षा ही तिसरी. प्रत्येक वेळीं तारीख घालून नोंद करावयाची असते. त्या नोंदींत तपासनिसाची परीक्षा असते. कारण मूल पडल्यावर पहिला प्रश्न विचारला जातो तो हाच, कीं हें कोणाला माहीत होतें आणि केव्हांपासून.

तथापि तपासनिसाचा हात सर्वत्र पोंचत नाहीं. १९९० च्या जानेवारीपासून २००० च्या ऑगस्टपर्यंत खेळाच्या साधनांशीं संबंध असलेले १५ वर्षांखालील मुलांचे १४७ मृत्यु अमेरिकन आयोगाच्या नोंदींत आले. त्यांतील निम्म्याहून अधिक मृत्यु गळफांसाचे होते. आणि ज्यांचें ठिकाण कळलें, त्यांपैकीं सुमारें ७० टक्के सार्वजनिक मैदानांत घडलेले नसून घरच्या जागेंतले होते. जेथें दोर बांधला गेला, पण बांधून झाल्यावर कोणी पाहिलें नाहीं, तेथें कोणताही पगारी तपासनीस जाणार नव्हता.

दुसरीकडे, फिर्यादी आणि भरपाई यांच्या भीतीनें कित्येक नगरपालिकांनीं निराळेंच टोंक गांठलें. उंच घसरगुंड्या गेल्या, फिरत्या चकत्या गेल्या, झोपाळेही कांहीं ठिकाणीं गेले. क्रीडांगणें इतकीं बेचव झालीं कीं मोठीं मुलें तिकडे फिरकेनात, अशी टीका होऊं लागली. नॉर्वेतील संशोधिका एलन सँडसेटर यांनीं २००७ सालीं दाखवून दिलें कीं, उंची, वेग, धारेचीं हत्यारें, आग-पाण्याची जवळीक, झोंबाझोंबी आणि एकट्यानें दूर जाणें, असे जोखमीचे खेळ मुलें स्वतः होऊन शोधीत असतात. लेडी ॲलन यांचें जुनें मत पुन्हां आठवलें गेलें. ब्रिटनच्या आरोग्य व सुरक्षा विभागानें २०१२ सालीं, खेळांतून सर्व जोखीम काढून टाकणें हा आपला हेतु नाहीं, असें निवेदन काढलें. २०२३ सालीं तर, खेळाच्या जागेचा विचार करतांना तोट्याबरोबर लाभही मोजावा, ह्यासाठीं आंतरराष्ट्रीय प्रमाणच प्रसिद्ध झालें.

ह्या वादाचें उत्तर शिकागोच्या त्या घसरगुंडीपाशींच सांपडतें. खेळांत साहस असतें आणि दगा असतो. उंची हें साहस आहे. ती मुलाला दिसते. वर चढतांना त्याच्या पोटांत गोळा उठतो, तें आपल्या शक्तीचा अंदाज घेतें, आणि जमत नसेल तर खालीं उतरून दुसऱ्या दिवशीं पुन्हां येतें. अशानेंच तें मोठें होतें. कुजलेला खांब, झिजलेला आंकडा, फांसाच्या मापाची फट आणि मऊ दिसणारी कठीण जमीन हा दगा आहे. तो मुलाला दिसत नाहीं, आणि त्यापासून तें कांहीं शिकतही नाहीं. चांगल्या तपासनिसानें दगा तेवढा शोधून काढावा आणि साहसाला हात लावूं नये. जो उंची पाहूनच साधन काढावयास सांगतो, त्यानें मापें हातांत घेतलेलींच नाहींत. आणि जो मुलें हिरमुसतील म्हणून सैल आंकड्याकडे कानाडोळा करतो, त्यानें मुलांचा विश्वासघात केला असें म्हटलें पाहिजे. बंद करा हें सांगण्याचें धैर्य जसें त्याला हवें, तसेंच राहूं द्या हें सांगण्याचेंही.

ज्या शाळेंत वा गांवांत असा प्रमाणपत्रधारी मनुष्य नाहीं, तेथेंही ह्या विद्येचा मोठा भाग साध्या हातांनीं करतां येण्यासारखा आहे. झोपाळ्याखालचा खळगा भरावयास फावडें पुरतें. सांखळीचा आंकडा पाहावयास डोळे पुरतात. फट मोजावयास पट्टी पुरते. खांबाचें बूड टोंचून पाहावयास खिळा पुरतो. मात्र हें काम कोणीतरी आपलें म्हणून, ठराविक दिवशीं, मुलें येण्यापूर्वीं केलें पाहिजे. नागपंचमीच्या सकाळीं दोराला लोंबकळणाऱ्या त्या वडीलधाऱ्या माणसानें कोणतेंही प्रमाण वाचलेलें नसतें. झोका बंद करावा असेंही त्याच्या मनांत नसतें. उलट तो उंच जावा म्हणूनच तो फांदी पारखून घेतो. आपला भार टाकून झाला, फांदी करकरली नाहीं, धोंडा बाजूस पडला, म्हणजे तो हात झाडून दूर होतो आणि पोरींना म्हणतो, बसा आतां.